शुद्ध नाताळ

नोकरी मिळावी म्हणून मी अकोल्याच्या एका गोऱ्या साहेबाच्या गोदामात भर कामाच्या दिवशी वाजंत्री घेऊन शिरलो. नोकरी मिळाली नाही.

एवढं लिहून टाकलं म्हणजे माझं मन मोकळं झालं. आता ज्याच्या नादी लागून मी हे केलं त्या मास्तराकडे वळतो. दोष त्याच्यावर ढकलतो आहे असं कुणाला वाटलं तर वाटू द्यावं. त्याच्यावर ढकलण्यात मला अजूनही समाधान मिळतं.

मास्तर मुंबईहून अमरावतीला आला होता. मुंबईत एका छापखान्यात तो खिळे जुळवायचा. शिशाचे खिळे उलटे असतात, ओळही उलटीच लावावी लागते; त्यामुळं की काय, या माणसाच्या डोक्यात जगातलं काहीच सुलटं शिरत नसे. अंगात कोपरावर चकाकणारा काळा कोट आणि काखेत छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती छडी म्हणूनच जन्माला आली होती. छापखाना का सोडलात, असं कुणी विचारलं की तो छाती काढून सांगे, "सोडला नाही, घालवला त्यांनी. मालकाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका होती. तिच्या नावात एक अक्षर जास्त होतं. मी काढून टाकलं."

"पण बापानं ठेवलेलं नाव ना ते?"

"बाप चुकला होता," मास्तर म्हणे.

असा माणूस मुंबईला परवडला नाही. आम्हाला परवडला, कारण ते दिवसच तसे होते. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. कापूस फुटायला लागला की मागोमाग गोरे साहेब यायचे, आणि त्यांचा नाताळही नेमका त्याच हंगामात पडायचा. मग काय, प्रत्येक अडत्यानं आणि दलालानं त्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर डाली पाठवायची, असा रिवाजच पडला. डाली म्हणजे टोपलीभर फळं, मिठाई, मेवा, आणि वर एक इंग्रजी चिठ्ठी.

त्या चिठ्ठीनं घात केला. एका बड्या दलालाच्या चिठ्ठीत म्हणे शब्द असे काही लिहिले होते की साहेब लोकांनी ती जेवणाच्या खोलीत भिंतीवर खिळ्यानं ठोकून ठेवली, आणि येणारा-जाणारा ती वाचून पोट धरून हसू लागला. खानसाम्यानं ही बातमी बाजारात आणली. तेव्हापासून गावाला पटकीपेक्षा स्पेलिंगची भीती वाटू लागली. त्या भीतीवर मास्तर पोसला गेला.

त्याचा वर्ग अंबादेवीच्या वाटेवर एका रंगाऱ्याच्या ओसरीवर भरे. वर ओली लुगडी टांगलेली आणि खाली आम्ही. दलालांची पोरं, एक सराफाचा भाचा आणि माझ्यासारखे दोन-तीन गुमास्ते. वर्गाहून घरी परतणारा माणूस डोक्यावरच्या निळ्या-तांबड्या ठिपक्यांवरून ओळखू यायचा. दिवाळीपासून नाताळापर्यंत मास्तर फक्त नाताळाचे शब्द शिकवी. ख्रिसमस. हॉली. मिसलटो. रीथ. यूल. पुडिंग. टर्की. आधी सरळ म्हणायचं, मग शेवटच्या अक्षरापासून उलटं. "खिळे लावणाऱ्याला उलटं आलं पाहिजे," तो म्हणे. आमच्यापैकी कुणालाही खिळे लावायचे नव्हते, पण हे त्याला सांगण्याची छाती कुणाला होती?

एकदा मी विचारलं, "मास्तर, मिसलटो म्हणजे काय?"

छत्रीचं टोक माझ्या छातीला टेकलं. "अर्थाशी तुला काय करायचंय? अर्थ साहेबाजवळ असतो. तू अक्षरं बघ."

हा शब्द मी त्या वर्षी झोपेतसुद्धा म्हणत होतो. एम, आय, एस, टी, एल, ई, टी, ओ, ई. मधला टी मुका, शेवटचा ई मुका. कितीतरी वर्षांनी एका म्हाताऱ्या पाद्र्यानं मला त्याचा अर्थ सांगितला. मिसलटो म्हणजे बांडगूळ. आंब्याच्या फांदीवर बसून आंब्याचाच रस पिणारं, गुराख्याचं पोरही ज्याला दगड मारतं, ते बांडगूळ! त्याच्यासाठी मी दोन महिने रंगाऱ्याच्या ओसरीवर डोकं भिजवत बसलो होतो.

मास्तराचं सोवळं अक्षरांचं होतं. ख्रिसमस हा शब्द कुणी 'के'नं सुरू केला की तो विटाळायचा. त्यासाठी जवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असे. 'के' ऐकला की उठायचा, ओसरीच्या कडेला जाऊन दोन्ही कान खळखळून धुवायचा, कोटाच्या बाहीनं पुसायचा आणि परत येऊन म्हणायचा, "हं. आता पुन्हा." कारंज्याहून आलेला एक गुमास्ता होता, आडदांड, हसरा, कशाची म्हणून लाज नसलेला. त्यानं पहिल्याच दिवशी मास्तराला तीनदा कान धुवायला लावले. दुसऱ्या दिवशी मास्तरानं त्याला हाकलून दिलं.

"तुझ्या हातून इंग्रजीचा खून होईल!"

"होऊ द्या, मास्तर," कारंज्याचा हसत म्हणाला, "ते काई आपली सोयरी नाई."

शिष्यांवर भागलं नाही तर मास्तर गावावर उतरे. एका पारशानं दारू आणि डबाबंद मालाचं दुकान घातलं होतं. नाताळात तो दारावर शुभेच्छांची पाटी लावी आणि पाटीत दरवर्षी तीच चूक करी. मास्तर दुकानासमोर उभा राहून गिऱ्हाइकांना आत जाऊ देईना. "अशुद्ध दुकान आहे! अशुद्ध दुकान!" पारशानं आधी शिव्या घातल्या, मग कुत्रं सोडलं, आणि शेवटी कंटाळून पाटी सुधारायला शिडी आणून दिली. पुढं आगगाडी आली तेव्हा हाच माणूस बडनेऱ्याला जाऊन फलाटावरच्या पाटीवरून स्टेशनमास्तरशी भांडला, आणि भांडणात त्याची स्वतःचीच गाडी सुटली. पण ते नंतरचं.

फी म्हणून तो दमडी घेत नसे. त्याऐवजी शिष्यांकडे वार लावून जेवायचा. वार लावून जेवायचं ते गरीब विद्यार्थ्यानं. इथं मास्तरच वारकरी झाला होता. आमच्याकडे त्याचा बुधवार. जेवता जेवता तो शब्द विचारी आणि शिष्य चुकला की ताटावरून उठे. एका बुधवारी बायकोनं वांग्याचं भरीत केलं होतं. तव्यावरची भाकरी ताटात पडते न पडते तोच मास्तर म्हणाला, "रीथ!"

मी घास गिळला आणि सुरुवात केली, "आर, ई..."

मास्तर उठला. हात धुतला.

बायको चुलीपुढून धावत आली. "काय झालं? मीठ जास्त पडलं का?"

"बाई, तुमच्या नवऱ्यानं डब्ल्यू खाल्ला."

"मंग त्यायनं खाल्ला तं तुमी काहून उपाशी राह्यता? बसा, बाप्पा."

मास्तर बसला नाही. बायकोनं त्याच्या ताटातली भाकरी गाईला घातली आणि मला सांगितलं, "पुढच्या बुधवारी त्यायले म्हना, जे काय इचाराचं ते ताट वाढाच्या आंधी इचारून घ्या. अन्न नासते."

आता नोकरीचं सांगतो. माझ्या शेठचा माल घेणाऱ्या साहेबानं अकोल्याला नवं गोदाम उघडलं होतं. त्याला इंग्रजी लिहिणारा कारकून पाहिजे होता. मला इंग्रजीची ओळख होती ती एवढीच की कापसाच्या गाठींवर खुणेची अक्षरं मी रंगानं काढायचो. पण त्या दिवसांत ए आणि बी यांतला फरक ओळखणाराही स्वतःला इंग्रजीवाला म्हणवत होता. शेठनं दोन नावं सांगून ठेवली होती, एक माझं आणि एक त्या कारंज्याचं. कारंज्याचा तर आधीच अकोल्याला जाऊन गोदामात मदतीला लागला होता. साहेब वर्ष संपायच्या आत दोघांतला एक निवडणार होता.

मला नोकरी हवी होती ती ऐटीसाठी. बायकोला हवी होती ती बापासाठी. सासूबाई गेल्यापासून सासरे अकोल्याला एकटेच राहात होते. डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालेलं. दसऱ्यानंतर चुलीपाशी चाचपडताना त्यांचा हात भाजला, हा निरोप आला तेव्हापासून बायकोचं माझ्या अभ्यासावर लक्ष होतं. मी उंबऱ्यात बसून अक्षरं घोकू लागलो की ती शेजारणीला गप्प करायची. "त्यायले शिकू दे व बाई. तिकडं नोकरी लागली का बावाले दोन येळा गरम भेटन."

मी मास्तराला म्हटलं, नाताळाला अकोल्याला डाली घेऊन जावं म्हणतो. मास्तराचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा शिष्य खऱ्या साहेबापर्यंत पोचणार होता.

"डाली सगळेच नेतात. आपण नाताळ नेऊ. अख्खा. शुद्ध!"

म्हणजे काय, तर शिकलेल्या प्रत्येक शब्दाची वस्तू न्यायची आणि वस्तूवर तिच्या नावाची पाटी लावायची. अडचण एकच होती. वस्तू कुठली ते दोघांनाही माहीत नव्हतं. टर्की साहेब लोक खातात म्हणजे ते पाखरू असावं, असा मास्तरानं निकाल दिला. आमच्या गल्लीतला एक तांबडा कोंबडा टर्की झाला. हॉली म्हणून लाल बोरांनी लगडलेली बोराटीची फांदी तोडली. यूलचं लाकूड असतं असं मास्तरानं छापखान्यात ऐकलं होतं. बाभळीचा एक ओंडका मिळाला. पुडिंगची पाटी बायकोच्या पुरणपोळ्यांच्या दुरडीला बांधली. रीथ म्हणून झेंडूची माळ. रिवाज मोडू नये म्हणून संत्र्यांची डालीही होतीच. मिसलटोची पाटी तेवढी उरली. लावायला काहीच नव्हतं, आणि पाटी टाकून द्यायला मास्तर तयार नव्हता. शेवटी ती आम्ही सनईवाल्याच्या गळ्यात अडकवली. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तो बिचारा ती गळ्यात घालून आला. पाटी बरोबर होती, गळा चुकला होता.

सगळ्यात वर बांबूला बांधलेला, नाताळाच्या शुभेच्छांचा एक मोठा फलक. रंगाऱ्याच्या निळ्या रंगात मी स्वतः लिहिलेला. मास्तरानं तो सरळ वाचला, उलटा वाचला, आरशात धरून वाचला, आणि एकदाही कान धुतले नाहीत.

बैलगाडीनं आम्ही निघालो. मी, मास्तर, सनईवाला, डफडेवाला, कोंबडा आणि बायको. बायकोनं स्वैपाकाची भांडीसुद्धा गाठोड्यात बांधून घेतली होती. "नोकरी लागूनच राह्यली, मंग परत काहून याचं?" ती म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. साहेबाविषयी मला एकच गोष्ट ठाऊक होती. तो रविवारी पेन्सिलसुद्धा उचलत नाही. दिवसभर आपली पोथी वाचतो. रविवार एवढा कडक पाळणारा माणूस नाताळ केवढा मोठा करत असेल, असा मी हिशेब केला. या हिशेबाला मास्तरानंही मान हलवली होती. आम्हा दोघांचं एकमत झालं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

बायकोला तिच्या बापाच्या दारात उतरवलं आणि आम्ही गोदामाकडे वळलो. सनई सुरू झाली. डफडं सुरू झालं. मी फलक उंच धरला. फाटकात शिरलो आणि बघतो तर आत कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. काट्यावर वजन चाललेलं. हमाल घामाघूम. तांबड्या कल्ल्यांचा उंच साहेब बाह्या सारून काट्यापाशी उभा, हातात पेन्सिल. बाजूला कारंज्याचा आकडे ओरडून सांगतोय. सण कुठंच दिसेना.

"मास्तर, हे तर काम करून राह्यले," मी म्हटलं.

"आपली वाट बघत असतील. वाजवा रे जोरात!"

डफड्याचा पहिला कडकडाट झाला आणि पुढच्या गाडीचे बैल उधळले. गाडी काट्याच्या खांबावर आदळली, दांडी लोंबकळली, आणि त्या धक्क्यानं निम्मी गाडी कापूस धुळीत सांडला. हमाल पळाले. टर्की माझ्या काखेतून निसटला आणि पाटीसकट कापसाच्या ढिगावर जाऊन आरवला.

साहेब आमच्याकडे आला. फलकासमोर उभा राहिला. त्यानं तो वाचला. मास्तर टाचा उंचावून त्याच्या ओठांकडे पाहात होता, परीक्षकाकडे पाहावं तसा. मग साहेबाचा चेहरा त्याच्या कल्ल्यांच्या रंगाचा झाला आणि तो ओरडू लागला. काय ओरडला ते मला कळलं नाही. शिकलेल्यापैकी एकही शब्द त्यात नव्हता.

कारंज्याचा धावत आला आणि त्यानं मला साहेबाचं बोलणं वऱ्हाडीत करून दिलं. "साहेब म्हनते, आज कामाचा दिवस हाये, हे तमाशेवाले कोनं आनले? म्हनते, त्यायच्या मुलकात, त्यायच्या पंथात हा सन मानतच नाईत. पोथीत कुठी सांगतला नाई, म्हून पाप समजते. तो स्काटलंडचा हाये, गड्या. विंग्रज येगळे अन् हे येगळे. यायचा सन आठ दिवसानं हाये, नव्या वरसाले."

विलायत म्हणजे एकच गाव आणि सगळे गोरे एकाच घरचे, अशी आमची समजूत होती.

"तुले कसं समजलं?" मी विचारलं.

"कसं म्हन्जे? इचारलं म्या. गाड्या बोलवाच्या का बंद ठेवाच्या, हे नको का समजाले? साहेब, ट्वेंटी फाइव्ह वर्क, नो वर्क? बस. एवढंच तं इचारलं."

इतका वेळ मास्तर माझी बाही ओढत होता. "कुठलं अक्षर? विचार त्याला, कुठलं अक्षर चुकलं?"

"अक्षर नाई चुकलं, मास्तर. सणच चुकला."

"तसं कसं होईल? साहेब एवढा संतापतो म्हणजे अक्षरच असलं पाहिजे!"

साहेबानं डालीतल्या संत्र्यालासुद्धा हात लावला नाही. कारंज्याच्या हातातला कागद घेतला, सांडलेल्या कापसाची नोंद त्याच्याकडून लिहून घेतली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. एवढ्यावरून मला माझी नोकरी कुणाला मिळाली ते कळलं. मास्तराची नजर मात्र त्या कागदावर गेली होती. कारंज्यानं कापूस हा शब्द इंग्रजीत 'के'नं सुरू केला होता. मास्तर किंचाळला आणि छत्री उगारून कागद दुरुस्त करायला साहेबाच्या अंगावर धावला. शिपायानं दोघांनाही मानगुटीला धरून फाटकाबाहेर काढलं.

बाहेर बैलांच्या पाण्याची कुंडी होती. मास्तरानं तिच्यात कान धुतले. शिपायानं आमच्या मागोमाग फलक भिरकावून दिला होता. मास्तरानं तो उचलला, धूळ झटकली, पुन्हा अक्षर न् अक्षर तपासलं, आणि त्याचा चेहरा इतका खुलला की मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"एकही चूक नाही!" तो म्हणाला. "गाढवा, तू पास झालास!"

मग तो सनईवाल्याबरोबर गाडीत बसला, संत्रं सोलून खायला लागला, आणि मी येत नाही म्हटल्यावर फलक मांडीवर घेऊन अमरावतीला निघून गेला. माझ्या नोकरीविषयी त्यानं शब्दही विचारला नाही. ती त्याला कधी दिसलीच नव्हती.

सासऱ्यांच्या घरी पोचलो तेव्हा बायकोनं गाठोडं सोडून भांडी फळीवर मांडली होती. चूल सारवली होती. सासरे ओट्यावर उन्हात बसले होते, भाजलेला हात मांडीवर. माझी चाहूल लागताच त्यांनी तोंड वर केलं. "जावई, लागली का नोकरी?"

बायको दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि काय ते समजली. तरी तिनं सगळं ऐकून घेतलं. वाजंत्री, बैल, स्काटलंड, कारंज्याचा. मग आत गेली आणि फळीवरची माझी एकट्याची थाळी आणि लोटा काढून माझ्यापुढे ठेवला.

"तुमी जा अमरावतीले. मी राह्यते हिवाळाभर बावाजवळ."

"अवं, पन..."

"अन् त्या साहेबाले तुमी एकडाव पुसलं नाई, का बाप्पा, तुमचा सन कवा असते म्हून?"

"साहेबाले पुसाचं म्हन्जे इंग्रजी बोलता आलं पायजे नं," मी म्हणालो.

"मंग दोन मैने तुमी शिकून काय राह्यले होते?"